टाटा-मर्सिडीज ३१२ : इंजिन उतरवायचंय, गिअरबॉक्ससकट की सोडून?

गुळाची_बेंझ

नमस्कार मंडळी,

आमच्या आजोबांची टाटा-मर्सिडीज ३१२ ट्रक, नाकवाली (केबिनच्या पुढे बॉनेट असलेली), कराडजवळ मळ्यातल्या शेडमध्ये उभी आहे. कोल्हापूर बाजारातला गूळ भरून मुंबईला जायची. आरसी बुक, टॅक्सच्या पावत्या आणि मूळ टूलबॉक्स घरात जपून ठेवलेला आहे. ती पुन्हा चालती करायची असं आम्ही भावंडांनी ठरवलंय. केबिन आणि हौद्यासाठी सुतार आणि पत्र्याचा माणूस मिळाला आहे. प्रश्न इंजिनाचा आहे.

इंजिन जाम आहे. रेडिएटर कोरडा, ऑइल काळं आणि घट्ट. हँडल मारून पाहिलं, तसूभर हलत नाही. गावातले म्हणतात ट्रॅक्टरला बांधून ओढा, गिअरात टाका, सुटेल. मला ते पटत नाही. इंजिन खाली घेऊन पूर्ण खोलायचं, असं मनाने घेतलंय.

शेडला वर लाकडी वासे आहेत, त्यांना वजन टांगता येणार नाही. साखर कारखान्याच्या यार्डातली हायड्रा क्रेन अर्धा दिवस मिळू शकते. एकाने जेसीबीही देऊ केला आहे. इंजिन एकटं काढावं की गिअरबॉक्ससकट? पुढून की वरून? ज्यांनी या गाड्यांवर हात चालवला आहे त्यांनी सविस्तर लिहा.

घाटमाथा

पहिली गोष्ट, ओढून चालू करायला ठाम नकार द्या. तुमची शंका बरोबर आहे. पिस्टनच्या रिंगा बोअरला (पिस्टन ज्या भोकात फिरतो त्याला) गंजून चिकटलेल्या असतात. मागून चाकांचा जोर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा पिस्टनचा स्कर्ट तुटतो. एखाद्या बोअरमध्ये पाणी साचलं असेल तर ते दाबलंच जात नाही, मग ब्लॉकच फुटतो. दुरुस्त होण्याजोगं इंजिन त्या एका ओढीत भंगारात जातं.

आता थोडं गाडीबद्दल, कारण नव्या वाचकांना कळायला हवं आपण कशावर बोलतोय. १९४५ साली रेल्वे इंजिनांसाठी सुरू झालेल्या टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनायला लागले. करार संपला १९६९ ला. तोवरच्या गाड्यांच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा असायचा, नंतर त्या जागी टाटांचा टी आला. तुमच्या जाळीवर तारा शाबूत असेल तर आजच काढून घरात कपाटात ठेवा. शेडमधून आधी चोरीला जातो तो ताराच.

उद्यमनगर

मालक, गाडी चांगल्या घरात आहे हे वाचून बरं वाटलं. आमचं दुकान कोल्हापूरचं, वडिलांपासून डिझेलचंच काम. सरळ सांगतो.

नाकवाल्या गाडीत इंजिन पुढूनच काढायचं. बॉनेट, जाळी, दोन्ही मडगार्ड, रेडिएटर सगळं उतरवा. मडगार्ड ठेवून काम करायचा मोह होतो, पण ती काढली की दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहतो आणि निम्मी कटकट जाते. जुने बोल्ट सुटणार नाहीत. आदल्या दिवशी रॉकेल नाहीतर डिझेल मारून ठेवा, सकाळी गॅसने गरम करून सोडवा. पण गॅस पेटवताना जवळ डिझेलची नळी उघडी नको.

गिअरबॉक्स सोडूनच काढा. सकट काढलं तर लांबी वाढते, तोल मागे जातो आणि तेवढा तिरका करायला पुढे जागा पुरत नाही. गिअरबॉक्सखाली लाकडाचे ओंडके आणि जॅक देऊन तो आहे त्या उंचीला धरून ठेवायचा. मग बेल हाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या, क्लचवरच्या कवचाचे) बोल्ट. इथं खरं कसब आहे. बोल्ट निघाले की इंजिन आधी वर उचलायचं नाही, सरळ रेषेत पुढे घ्यायचं. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर आला, डोळ्याने पाहिला, मगच उचल. इंजिनाचं वजन त्या शाफ्टवर लोंबकळलं की क्लच प्लेटचं हब वाकतं नाहीतर शाफ्टच जातो.

जेसीबी अजिबात नको. त्याला बोटभर सरकणं जमत नाही, धक्क्यानेच चालतो. हायड्रा चालेल, पण हुकाला थेट इंजिन लावायचं नाही. हायड्राच्या हुकाला दोन टनाची चेन पुली लावा आणि बारीक वर-खाली चेन पुलीनेच करा.

नवा_क्लच

माझं मत वेगळं आहे. एवढा खटाटोप करून शेवटी त्या ३१२ चे पार्ट मिळणार आहेत का? इंजिन काढाच, पण ते बाजूला ठेवून टाटाचं ६९७ इंजिन बसवा. ५६७५ सीसी, डायरेक्ट इंजेक्शन, थंडीतही एका सेल्फला सुरू. पिस्टन, लायनर, बेअरिंग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. आमच्या भागात जुन्या गाड्यांना लोकांनी हेच केलं. गाडी चालवायची आहे की फक्त बघायची आहे, हे आधी ठरवा.

गुळाची_बेंझ

नवा_क्लच, सूचनेबद्दल आभार. तुम्ही म्हणता ते सोयीचं आहे हे कळतं. पण आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर आजही जुळतो. तो तसाच ठेवायचा ही घरातल्या सगळ्यांचीच इच्छा आहे.

टर्नर_ताई

नंबर जुळतोय हे वाचून मुद्दाम लॉगिन केलं. ती जुळणी मोडू नका.

एक तर कागदाचा प्रश्न. इंजिन बदललं की आरटीओकडे नोंद करावी लागते. शिवाय २०२१ साली केंद्राने जुन्या वाहनांसाठी जे नियम आणले त्यात ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली, मोठा फेरबदल न झालेली दुचाकी-चारचाकी अशी व्याख्या आहे. नोंदणी शुल्क २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. अशी गाडी धंद्याला वापरता येत नाही. मालवाहू ट्रक त्यात बसवून देतात का हे तुमच्या आरटीओत लेखी विचारा, पण काही झालं तरी ‘मूळ स्वरूप’ हा शब्द तुमच्या बाजूने राहू द्या.

आणि दुसरं म्हणजे पार्टची भीती वाटते तेवढी नाही. या इंजिनाचं बोअर ९० मिमी आणि स्ट्रोक १२०, मिळून ४५८० सीसी. हे काही चंद्रावरचं माप नाही. क्रँक घासून त्याला अंडरसाइझ (कमी मापाचं) बेअरिंग करून घेता येतं, व्हॉल्व्ह गाइड लेथवर बनतात, बुश बनतात, तांब्याचे वॉशर बनतात. आमच्या मशीन शॉपमध्ये याहून अवघड कामं रोज येतात. जे बनत नाही ते म्हणजे हरवलेलं. म्हणून माझं सगळं सांगणं एवढ्याच गोष्टीवर आहे : काढताना काहीही हरवू देऊ नका, काहीही फेकू देऊ नका.

प्रत्येक जोडणीचा फोटो, सुटण्याआधी आणि सुटल्यावर. प्रत्येक बोल्ट ज्या भोकातून निघाला त्या भोकाच्या नावाने पिशवीत. कागदी चिठ्ठी ऑइलने भिजून जाते, त्यामुळे पत्र्याच्या तुकड्यावर नंबर पंच करा आणि तारेने बांधा. फाउंडेशनच्या (इंजिन चासीवर बसतं त्या जागेच्या) रबराखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या निघतील. त्या कचरा समजून झाडल्या जातात. एका नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये अशाच पट्ट्या गेल्या आणि बसवताना इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत येईना, क्लच थरथरायला लागला. कोणत्या बाजूला किती पट्ट्या होत्या हे लिहून ठेवा. जुनी, फाटलेली गॅस्केटही ठेवा. नवी कापायला तोच नमुना आणि जाडीही त्यावरूनच मोजायची.

इंजिन नंबरच्या जागी तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर लावू देऊ नका. रॉकेलच्या फडक्याने पुसा, कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि त्या जागेवर ग्रीस लावून पट्टी चिकटवा. रंगारी येईल तेव्हा ती पट्टी वाचवेल.

राजमाची

वाचतोय. वाचनखूण साठवली.

टर्नर_ताई, त्या छापेची पद्धत माहीत होती पण पट्टीचं सुचलं नव्हतं. माझ्याकडच्या जुन्या फर्गो ट्रकवर आज रात्रीच करतो.

नवा_क्लच

ताई, कागदांचा मुद्दा मान्य. ट्रक रोज धंद्याला लावणार असतील तर मी अजूनही ६९७ च म्हणेन. पण घरची गाडी घरीच राहणार असेल तर मूळ इंजिन करा.

श्टुटगार्ट_ते_सांगली

इथे जर्मनीत याच इंजिनाला ओएम ३१२ म्हणतात. युद्धानंतर नव्याने आखलेल्या मर्सिडीज ट्रकमध्ये ते १९४९ साली आलं, आणि पुढची ३२१, ३५२ ही त्याच घराण्यातली. म्हणजे नवा_क्लच ज्या ६९७ ची शिफारस करतायत तेही याच झाडाची फांदी. इथल्या जुन्या ट्रकच्या हौशी मंडळींमुळे गॅस्केट संच आणि रिंगा अजून मिळतात. तुमचं माप नक्की झालं की कळवा, मी पुढच्या खेपेला सामानातून आणू शकेन. पण इंजिन उघडून बोअर मोजल्याशिवाय काहीही मागवू नका. आधी कधी बोअर वाढवलेलं असू शकतं.

एक विनंती. हे इंजिन प्रीचेंबरचं आहे, म्हणजे डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं आणि ज्वाळा तिथून सिलेंडरमध्ये येते. म्हणून थंड असताना ग्लो प्लग लागतात. जुने प्लग तारेच्या वेटोळ्याचे आणि एकाला एक जोडून सिरीजमध्ये असतात. एक जळला की सगळे बंद. बऱ्याच मिस्त्रींनी ते काढून भोकं बुजवलेली असतात. तुमच्याकडे असतील तर जोडणीच्या पट्ट्यांसकट जपा.

डिझेलमामा

उद्यमनगरवाल्यांनी आणि ताईंनी बहुतेक सगळं सांगितलं. मी पंपाचा माणूस, तेवढंच बोलतो.

इंजिन उचलण्याआधी पंप, हायप्रेशर नळ्या आणि नोझल बाजूला काढा. नळ्या वाकल्या तर त्याच वळणाच्या परत मिळत नाहीत. सहा नळ्या आहे त्या क्रमाने एका फळीवर तारेने बांधून ठेवा. पंपाची सगळी तोंडं त्याच मिनिटाला बंद करा. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात. प्लास्टिकची टोपणं किंवा जाड कागदाची बुचं चालतील. पंप काढण्याआधी कपलिंगवर टायमिंगची खूण शोधा. खूण दिसत नसेल तर इंजिन फिरतं झाल्याशिवाय पंप सोडूच नका, नाहीतर नंतर टायमिंग पहिल्यापासून बांधावं लागेल.

आता महत्त्वाचं. या इंजिनांवर बहुधा हवेचा गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) असतो, वजनांचा नाही. इनटेकच्या घशात झडप असते, तिथून एक नळी पंपाच्या मागच्या डबीला जाते. डबीत चामड्याचा पडदा. इंजिन ओढून घेतं त्या हवेच्या खेचीवर तो पडदा डिझेलचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) मागे घेतो. पडदा फाटला, वाळून कडक झाला किंवा ती नळी चिरली तर खेच मिळत नाही आणि स्प्रिंग रॅकला पूर्ण डिझेलवर ढकलून ठेवते. इंजिन मग ऐकत नाही, पळतच सुटतं.

तपासणी बाकावरच होते. स्टॉपची दांडी बंदच्या बाजूला पूर्ण न्या, नळीच्या तोंडावर बोट दाबून धरा आणि दांडी सोडा. पडदा चांगला असेल तर दांडी जागेवरच अडून राहील, फार सावकाश परतेल. टकन परत आली की पडदा गेला. चामडं फाटलेलं नसेल, फक्त वाळलं असेल, तर हलक्या तेलात मुरवून मऊ होतं. मऊ झाल्यावर बोटाला ते जिवंत लागतं, घडी घातली तर भेग पडत नाही. तसं नसेल तर नवाच घाला.

आणि काही महिन्यांनी जेव्हा पहिल्यांदा स्टार्ट कराल, तेव्हा इनटेकच्या तोंडाएवढी प्लायवूडची फळी एका माणसाच्या हातात द्या. इंजिन पळालं तर हात नको, फळी दाबायची. हवा बंद की इंजिन बंद.

माणदेशी

सुरक्षेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी औद्योगिक सुरक्षा विभागात काम करते.

१९६० च्या दशकातली क्लच प्लेट, ब्रेक लायनिंग आणि एक्झॉस्टचं पॅकिंग यांत अॅसबेस्टॉस असतं असं धरूनच चाला. बेल हाउसिंग उघडलं की आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची सवय सगळ्यांना आहे. ती फुप्फुसात बसते आणि तिचे आजार वीस-तीस वर्षांनी बाहेर येतात. पाणी फवारून ओल्या फडक्याने पुसा, फडकी पिशवीत बंद करा, मास्क लावा. शेडमध्ये लहान मुलं येऊ देऊ नका.

सहा सिलेंडरचं बिडाचं इंजिन, चारशे किलोच्या पुढेच धरा. काथ्याचा सोल किंवा टोइंगचा पट्टा चालणार नाही, वजन लिहिलेला स्लिंग वापरा. स्लिंगचे दोन पाय फार फाकवू नका. जमिनीशी ६० अंशांत असतील तर प्रत्येक पायावर साधारण ५८ टक्के वजन येतं. ३० अंशांवर आले की प्रत्येक पायावर पूर्ण इंजिनाएवढा ताण येतो. उंची कमी पडते म्हणून लोक स्लिंग आखूड करतात आणि नेमकं इथंच तुटतं.

टांगलेल्या इंजिनाखाली हातही घालायचा नाही. खालचा बोल्ट राहिला असेल तर आधी इंजिनाखाली ओंडके रचा, मग हात.

उद्यमनगर

माणदेशी ताई, बरोबर. त्यात एकच जोडतो. इंजिन हवेत असताना ते फिरवायचं नाही, गाडी मागे ढकलायची. हायड्रा जागेवर उभी, इंजिन शांत टांगलेलं, आणि चार माणसांनी गाडी मागे घ्यायची. म्हणून टायरात आदल्या दिवशी हवा भरा, ब्रेक जाम असतील तर ड्रम मोकळे करून ठेवा. गाडी शेडबाहेर सपाट कठीण जमिनीवर हवी. मळ्यातल्या काळ्या मातीत हायड्राचं चाक रुततं.

पुढचा क्रॉस मेंबर आड येईल. रिबिटांचा असेल तर कापू नका, इंजिनाचं नाक वर करून त्याच्यावरून काढा. त्यासाठी चेन पुली पुढच्या हुकाला थोडी आखूड.

खाली ठेवताना ऑइल चेंबरवर बसवायचं नाही, पत्रा दबतो आणि आतली ऑइलची जाळी चेपते. सी-चॅनेलची चौकट वेल्ड करून घ्या, वजन फाउंडेशनच्या हातांवर यायला हवं.

गुळाची_बेंझ

मंडळी, इंजिन खाली आलं. सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येकाची सूचना कामी आली.

हायड्रा आणि चेन पुली असंच केलं. नोझल आणि ग्लो प्लग आधीच काढले होते, सहाही प्लग मूळचे आहेत, पट्ट्यांसकट. त्या भोकांतून डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण सिलेंडरमध्ये सोडून मुरत ठेवलं होतं. चौथ्या सिलेंडरच्या भोकातून गंजाचं तांबूस पाणी वर आलं. घाटमाथा, तुम्ही लिहिलं होतं ते अक्षरशः समोर दिसलं. ओढून चालू केलं असतं तर तिथेच संपलं असतं.

फाउंडेशनच्या पट्ट्या डावीकडे दोन, उजवीकडे एक निघाली. पिशवीत आहेत. बेल हाउसिंगचा खालचा एक बोल्ट मातीने इतका झाकलेला होता की हाताने चाचपूनच सापडला. तो राहिला असता तर उचलताना हाउसिंगचा कानच तुटला असता. शाफ्ट साफ बाहेर आला, क्लच प्लेट सरळ आहे.

हेड उघडलं. पाच बोअर चांगले, चौथ्यात वरच्या बाजूला गंजाचे खड्डे आहेत, नखाला लागतात. क्रँक अजून काढलेला नाही.

टर्नर_ताई

फार चांगली बातमी. नखाला लागणारे खड्डे होनिंगने (बोअर आतून दगडाने हलकं घासून) जात नाहीत. सहाही बोअर मोजा. प्रत्येकात वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी. एकासाठी सहा बोअर वाढवायचे की त्या एकाला स्लीव्ह (आतून बसवायची नळी) घालायची, हे आकडे बघूनच ठरतं. बाकीचे पाच खरंच मापात असतील तर मी स्लीव्हच्या बाजूची आहे, कारण मूळ ९० मिमीचे पिस्टन राहतील.

ब्लॉक पाठवण्याआधी घरीच एक तपासणी करा. स्वच्छ धुऊन रॉकेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, कोरडा पुसा आणि पांढऱ्या खडूची भुकटी चोळा. तडा असेल तिथून रॉकेल पाझरून खडूवर ओली रेघ उमटते. सिलेंडरच्या मधल्या पट्ट्या आणि पाण्याच्या भोकांच्या कडा नीट बघा. हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीटांमधली जागा. क्रँक मात्र मॅग्नेटिक टेस्टला पाठवा, खडूवर अवलंबून राहू नका. मेन बेअरिंगच्या कॅप काढताना नंबर आणि दिशा दोन्ही पंच करा.

डिझेलमामा

पडदा तपासला का?

गुळाची_बेंझ

तपासला मामा. दांडी टकन परत आली. उघडून पाहिलं तर चामडं कडेला फाटलंय. जुना पडदा मापासाठी ठेवलाय.

डिझेलमामा

मग नवाच. मापाचा फोटो टाका, व्यास आणि मधल्या चकतीच्या भोकांसह. पंप खोलू नका, कॅलिब्रेशनला जाईल तेव्हा बाकावरच उघडू दे.

उद्यमनगर

इंजिन बाहेर आहे तोवर चासीची पुढची पोकळी मोकळी मिळालीय. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट, पुढच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) पिना-बुश आणि क्लचच्या लिंकेजचे बुश आत्ताच करून घ्या. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं ऑइल सीलही आत्ताच बदला. चासी खरवडून रेड ऑक्साइड मारा. क्रँक निघाला की मापं इथंच टाका, पुढचं त्यावर बोलू.